आधी तपासा, मग नाकारा: ब्रेक लायनिंग खरेदी करणाऱ्या समित्यांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यात सार्वजनिक पैशातून वाहनांचे सुटे भाग खरेदी करणाऱ्या समित्यांचे माननीय अध्यक्ष व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्यापैकी एका समितीकडून आमचा प्रस्ताव परत आला. आम्ही म्हणजे एका तंत्रशिक्षण संस्थेत कार्यशाळेचे विषय शिकवणारी मी, माझे चार विद्यार्थी आणि अक्कलकोट रोडवर ब्रेक लायनिंगचे, म्हणजे ब्रेकमध्ये घासून गाडी थांबवणाऱ्या थराचे, दुकान चालवणारा माझा धाकटा भाऊ. साखर कारखान्यातील बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, राख, औष्णिक वीज केंद्रातील फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाची बारीक राख, मागाखाली पडणारे तुटके सूत, जुन्या टायरांचा रबरी भुगा आणि काजूच्या टरफलांच्या तेलापासून बनणारी फ्रिक्शन डस्ट, म्हणजे घर्षणासाठी मिसळायची भुकटी, वापरून ॲस्बेस्टॉस हे घातक खनिज नसलेले ब्रेक पॅड (डिस्क ब्रेकमध्ये लायनिंगचे काम करणारे तुकडे) बनवण्याचे काम आम्ही दोन वर्षे करत आहोत. या पॅडची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत चाचणी करून घेण्यास समितीने पाठबळ द्यावे आणि त्या चाचणीत ते पूर्ण उतरले, तरच गल्लीबोळांतून सावकाश फिरणाऱ्या दोन घंटागाड्यांवर ते देखरेखीखाली वापरून पाहावेत, एवढीच आमची विनंती होती. परत आलेल्या कागदावर एका ओळीचा शेरा होता: टाकाऊ पदार्थांपासून तयार केलेला भाग सुरक्षेशी संबंधित असल्याने विचारात घेता येत नाही.

त्याच आठवड्यात त्याच समितीने ब्रेक लायनिंगसाठी दरपत्रके मागवणारी सूचना प्रसिद्ध केली. मी ती तीन वेळा वाचली. तिच्यात माप आहे, नगांची संख्या आहे, पुरवठ्याची मुदत आहे, अनामत रकमेचा उल्लेख आहे आणि सर्वांत कमी दराचे दरपत्रक स्वीकारले जाईल असेही म्हटले आहे. ते लायनिंग कशाचे बनलेले असावे किंवा कशाचे नसावे, याबद्दल एक शब्दही नाही. आमच्या पॅडमध्ये काय आहे हे आम्ही ग्रॅममध्ये लिहून दिले, म्हणून तो सुरक्षेच्या कारणावरून नाकारला गेला. ज्याच्यात काय आहे हे कोणी विचारलेच नाही, तो माल मात्र दर कमी असला की घेतला जाणार आहे. हे मला गप्प राहून मान्य करता येत नाही, आणि त्याला माझ्या घरातलेही कारण आहे.

माझे वडील, अण्णा, यांनी १९७८ मध्ये लायनिंगचे दुकान टाकले. हैदराबाद आणि विजापूरच्या रस्त्यांवरून येणारे ट्रक, गाळपाच्या हंगामात उसाचे ट्रॅक्टर आणि वर्षभर टेम्पो, रिक्षा असे काम असे. ट्रकचा ड्रम (चाकाबरोबर फिरणारे ब्रेकचे लोखंडी पिंप) उतरला की पहिले काम आत साठलेली धूळ उडवण्याचे. ती आधी तोंडाने फुंकून आणि पुढे कॉम्प्रेसर आल्यावर हवेच्या झोताने उडवली जाई. मग छिन्नीने रिबिटी तोडून जुने लायनिंग काढायचे, नवे शूवर, म्हणजे ब्रेकच्या वक्र लोखंडी पट्टीवर, ठेवून भोके पाडायची, रिबिटी ठोकायच्या आणि ड्रममध्ये ते नीट बसावे म्हणून त्याची पाठ कानशीने नाहीतर ग्राइंडरवर घासायची. त्या घासण्यातून निघणारी करडी भुकटी गिरणीतल्या पिठासारखी सगळीकडे बसत असे: भुवयांवर, चहाच्या ग्लासाच्या काठावर, देवाच्या तसबिरीवर. संध्याकाळी अण्णा घरी आले की आई दारात उभी राहून त्यांचा खाकी सदरा दोन्ही हातांनी झटकायची. मावळतीच्या उन्हात ती धूळ चमकायची आणि मला ते बघायला आवडायचे.

२००९ पासून अण्णांना जिना चढताना दम लागू लागला. आधी दम्याची औषधे झाली, मग थुंकीत जंतू सापडले नसतानाही सहा महिने क्षयाची औषधे झाली. पुढे एका डॉक्टरांनी छातीचा सीटी स्कॅन बघून त्यांना विचारले, "काका, तुम्ही आयुष्यभर काम काय केलंत?" तीन वर्षांच्या दवाखान्यांत हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेला होता. २०१४ मध्ये अण्णा गेले. अण्णा बिड्या ओढत असत हे मी लपवत नाही, आणि त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर ॲस्बेस्टॉस हा शब्द नाही हेही खरे आहे. पण धूम्रपान आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले की फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वेगवेगळ्या धोक्यांच्या बेरजेपेक्षाही अधिक वाढतो, हे वैद्यकशास्त्राने केव्हाच दाखवून दिले आहे. त्यामुळे बिडीकडे बोट दाखवून लायनिंगची धूळ निर्दोष ठरत नाही.

आपल्यापैकी अनेक सदस्य तांत्रिक क्षेत्रातील नसतील, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज आहे. ते जळत नाही, उष्णता सोसते, राळेत चांगले धरून राहते आणि स्वस्त आहे, म्हणून विसाव्या शतकात जगभर ब्रेकमध्ये वापरले गेले. घासले किंवा कापले की त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू सुटतात, श्वासाबरोबर फुफ्फुसात खोलवर जातात आणि तिथेच राहतात. त्यातून होणारे आजार, म्हणजे ॲस्बेस्टोसिस (फुफ्फुस कडक होत जाण्याचा आजार), फुफ्फुसाचा कर्करोग आणि फुफ्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग, वीस ते चाळीस वर्षांनी डोके वर काढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहेत, आणि पांढरे ॲस्बेस्टॉस, म्हणजे क्रायसोटाइल, त्याला अपवाद नाही. युरोपीय संघात त्यावर २००५ पासून बंदी आहे. अमेरिकेने मार्च २०२४ मध्ये क्रायसोटाइलवर बंदीचा नियम केला आणि त्यात बाजारात सुटे मिळणारे ब्रेक लायनिंगही घेतले.

एक युक्तिवाद मला नेहमी ऐकवला जातो: ब्रेक लागताना इतकी उष्णता निर्माण होते की ॲस्बेस्टॉसचे तंतू जळून त्यांचे दुसरेच निरुपद्रवी खनिज होते. यात अर्धे तथ्य आहे. झिजून उडणाऱ्या धुळीतील बराच भाग खरोखर बदललेला असतो, पण सगळा नाही. आणि माझे वडील जी भुकटी श्वासात घेत होते, ती नवे लायनिंग कानशीने घासताना निघालेली होती. त्या लायनिंगला तोवर एकदाही ब्रेकची उष्णता लागलेली नव्हती.

आपल्या देशात क्रायसोटाइल वापरण्यावर सरसकट बंदी नाही, हे मला माहीत आहे. १९८६ पासून ॲस्बेस्टॉसच्या खाणींचे नवे पट्टे देणे थांबले आणि १९९३ पासून जुन्यांचे नूतनीकरणही थांबले, पण रशिया, कझाकस्तान अशा देशांतून आयात सुरूच राहिली. नव्या मोटारी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या बहुतांशी बिगर-ॲस्बेस्टॉस लायनिंगकडे वळल्या. प्रश्न उरतो तो सुट्या भागांच्या बाजाराचा, जिथे माझ्या भावाच्या दुकानात येणाऱ्या कित्येक पाकिटांवर गाडीचे नाव, भाग क्रमांक आणि किंमत याखेरीज काहीही छापलेले नसते. म्हणूनच कायद्याने सोडलेली ती जागा आपल्या निविदेतील एका ओळीने भरता येते, आणि ती ओळ लिहिण्याचा अधिकार आपल्याकडे आहे.

आता माझ्या हरकती सांगते.

पहिली आणि मुख्य हरकत 'टाकाऊ' या शब्दावरच काम संपवण्याला आहे. पदार्थ कुठून आला यावरून ब्रेकची पात्रता ठरत नाही. तापलेल्या डिस्कवर तो किती पकड देतो, किती झिजतो, त्याला मागच्या पत्र्यापासून सुटायला किती जोर लागतो, यावरून ठरते. चांगल्या दर्जाच्या अनेक ब्रेक पॅडमध्ये आजही फ्रिक्शन डस्ट असते आणि ती काजूच्या बीचे टरफल पिळून निघालेल्या तेलापासून बनते. आपल्या कोकणात आणि कोल्हापूरच्या आजरा-चंदगडात काजू फोडल्यावर जे उरते, त्याच जातीचा हा माल आहे आणि जगभरचे ब्रेक उत्पादक तो मुद्दाम विकत घेतात. मोटारींना लावलेले पहिले ब्रेक लायनिंग तर ॲस्बेस्टॉसचे नव्हतेच. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ पासून जे लायनिंग बनवले, ते सुती पट्ट्यांना चिकट द्रव्य पाजून तयार केलेले होते. जास्त उष्णतेत कापूस जळतो म्हणून पुढे १९०८ मध्ये त्यांनी ॲस्बेस्टॉस घेतले. चादर आणि टॉवेलच्या गावात ही गोष्ट सांगताना मला विशेष वाटते, कारण ज्या सुताला आपण कचरा म्हणतो त्याच्या पूर्वजावर या धंद्याची सुरुवात झाली होती.

शिवाय हे कच्चे साहित्य आपल्या दाराशी आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यातील फताटेवाडी-आहेरवाडी परिसरात एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीचे १३२० मेगावॅटचे कोळशावर चालणारे केंद्र आहे आणि केंद्र सरकारच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे अशा केंद्रांनी आपली सगळी राख उपयोगात आणायची आहे. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत आपली गणना होते. बगॅसवर ब्रेक पॅडचे प्रयोग परदेशात झालेले आहेत. नायजेरियातील संशोधकांनी २०१० मध्ये बगॅस दळून राळेत घालून पॅड केले आणि भुकटी जितकी बारीक तितका पॅड चांगला, असे त्यांना आढळले. आम्ही काही जगावेगळे मागत नाही.

दुसरी हरकत अशी की आमचा प्रस्ताव न वाचता नाकारला गेला, असे मानायला मला भाग पडते. त्यात आम्ही आमचे अपयश पानभर लिहिले होते. पहिल्या खेपेतील सगळे पॅड साच्यातून निघताच फुगले आणि तडकले. बगॅसची भुकटी उन्हात वाळवली म्हणजे कोरडी झाली, असा आमचा समज होता. तिच्यातला उरलेला ओलावा साच्यातल्या दीडशे अंशांत वाफ होऊन बाहेर पडायला वाट शोधत होता. पुढे आम्ही भुकटी ओव्हनमध्ये वाळवू लागलो आणि दाब देताना साचा क्षणभर उघडून वाफ सोडू लागलो. तरी अडचण उरलीच, कारण बगॅसचा तंतू अडीचशे अंशांच्या वर विघटित होऊ लागतो आणि घाटात उतरणाऱ्या भरलेल्या ट्रकच्या ब्रेकला ते तापमान सहज गाठता येते. म्हणून कच्चा बगॅस सोडून आम्ही बॉयलरमधली राख चाळून, त्यातला न जळलेला कोळसा जाळून टाकण्यासाठी ती पुन्हा भाजून वापरू लागलो. रबराचा भुगा थोडा असला तर ब्रेकचा किंचाळण्याचा आवाज कमी होतो, जास्त झाला तर पॅड तापल्यावर वास सुटतो आणि पकड ढिली पडते. महाविद्यालयातील पिन-ऑन-डिस्क यंत्रावर, म्हणजे फिरत्या तबकडीवर नमुना घासून पाहणाऱ्या यंत्रावर, झीज बाजारातल्या नेहमीच्या पॅडच्या जवळपास आली, पण ते यंत्र म्हणजे खरी गाडी नव्हे, आणि फार तापवल्यावर आमच्या काही नमुन्यांची पकड उतरली, हेही प्रस्तावात स्पष्ट आहे. ट्रक, बस किंवा उसाच्या ट्रॅक्टरसाठी आम्ही हे पॅड सुचवलेलेच नाहीत. एवढे सगळे वाचून कोणी "अजून तयार नाही" असे म्हटले असते, तर मी ते मान्य करून पुन्हा साच्याकडे वळले असते.

राखेबद्दलही एक गोष्ट मीच पुढे करते, कारण उद्या ती कोणीतरी विचारेल आणि विचारलीच पाहिजे. फ्लाय ॲश आणि बगॅसची राख या दोन्हींत सिलिका असते आणि सिलिकाची बारीक धूळ सतत श्वासात गेली तर तिचाही फुफ्फुसाचा आजार होतो. राखेत जड धातूंचे अंशही असू शकतात. ॲस्बेस्टॉस काढले म्हणजे धूळ खायला मोकळीक मिळाली, असे नाही. आमच्या पॅडचेही रासायनिक विश्लेषण व्हावे, हे आम्ही मागितले होते ते यासाठी.

तिसरी हरकत लिहिताना माझा हात जड होतो. आपल्या कागदांत प्रवाशाची सुरक्षा आहे, वाहनाची आहे, पण ते लायनिंग बसवणारा माणूस कुठेच नाही. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला आणि त्यांच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून चाळीस वर्षे किंवा काम सोडल्यावर पंधरा वर्षे, यांपैकी जो काळ उशिरा संपेल तोवर, जपण्याचा आदेश दिला. मालक आणि एक पोरगा एवढ्याच माणसांच्या दुकानात ही नोंद कोण ठेवणार? कारखान्याची कायदेशीर व्याख्या कामगारांच्या संख्येवर उभी आहे. आमचे दुकान तिच्यात कधी बसले नाही. अण्णांच्या हाताखाली जी मुले शिकली, त्यांतली काही आज पन्नाशीत आहेत. चाळीस वर्षांचा हिशेब धरला तर त्यांचे दिवस आता येत आहेत, आणि त्यांच्या छातीची एकही नोंद कुठे नाही.

कमी दराबद्दल एवढेच म्हणते की अण्णांच्या शेवटच्या दोन वर्षांत घरी ऑक्सिजनच्या नळकांड्यावर जो खर्च झाला, तो कुठल्याही दरपत्रकात येत नाही.

आता मागण्या सांगते. यापुढे आपल्या प्रत्येक निविदेत लायनिंग आणि पॅड ॲस्बेस्टॉसमुक्त असावेत ही अट ठळकपणे असावी, आणि पुरवठादाराचे नुसते हमीपत्र पुरेसे मानू नये. पुरवठ्यातून कोणताही एक नग निवडून त्याची सूक्ष्मदर्शकाखाली आणि क्ष-किरण विवर्तनाने, म्हणजे क्ष-किरणांनी खनिज ओळखण्याच्या पद्धतीने, तपासणी करून घ्यावी. ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाने ॲस्बेस्टॉसचे तंतू ओळखता येतात आणि एका खेपेमागे एक तपासणी हा काही न परवडणारा खर्च नाही. अहवाल सूचनाफलकावर लावावा. पॅडच्या कडेला पकडीचा दर्जा सांगणारी दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात, पहिले साधारण तापमानातील पकडीचे आणि दुसरे तापलेल्या अवस्थेतील. ज्या मालावर ती अक्षरे आणि उत्पादकाचे नाव नाही, तो माल गोदामात उतरवून घेऊ नये.

पुनर्वापराच्या साहित्यापासून बनवलेल्या पॅडना, आमच्या असोत की दुसऱ्या कोणाच्या, त्याच चाचण्या आणि तेच निकष लावावेत जे इतर मालाला लावाल. त्यात सवलत नको. पुण्यात १९६६ पासून एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे. तिथे किंवा तशाच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुने पाठवावेत आणि नापास झाले तर नापास असे लेखी कळवावे, कारणासह.

आपल्या अखत्यारीतील प्रत्येक कार्यशाळेत ड्रम हवेच्या झोताने झाडणे आजपासून बंद करावे. साबणाचे पाणी हलक्या दाबाने सोडून धूळ भिजवून पुसून घेता येते. त्यासाठी एक फवारणीची बाटली, एक तसराळे आणि एका दिवसाचे प्रशिक्षण एवढेच लागते. उतरवलेले जुने लायनिंग भंगारवाल्याला किलोवर देऊ नये, दुहेरी पिशवीत बंद करून धोकादायक कचऱ्याच्या रीतसर व्यवस्थेकडे द्यावे. आणि शहरातल्या लायनिंगच्या दुकानांत, गॅरेजांत आजवर काम केलेल्या सर्वांसाठी छातीच्या तपासणीचे एक शिबिर घ्यावे, ज्यात पहिला प्रश्न "तुम्ही काम काय करता?" हा असेल. माझा भाऊ आणि मी त्या माणसांची यादी करू लागलो आहोत. पत्ते घरोघर फिरून गोळा करत आहोत आणि ती यादी आम्ही स्वतः आणून देऊ.

यांपैकी कोणती मागणी आपल्या अधिकारात येत नसेल तर ती कोणाच्या अधिकारात येते, एवढे लेखी कळवावे. मी तिथे जाईन.

आमच्या नवव्या खेपेचे बारा पॅड, प्रत्येकावर मिश्रणाचा क्रमांक टाकून, कागदात गुंडाळून दुकानाच्या वरच्या फळीवर ठेवले आहेत. त्यांच्याशेजारी भावाने गेल्या सहा महिन्यांत उतरवलेले, पाकिटावर काहीच न लिहिलेल्या मालाचे बारा जुने पॅड बंद पिशव्यांत ठेवले आहेत. दोन्हींची तपासणी एकाच दिवशी, एकाच प्रयोगशाळेत व्हावी. कधी आणि कुठे घेऊन यायचे ते कळवावे.

आपली विश्वासू,
अक्कलकोट रोडवरील एका लायनिंग कारागिराची मुलगी,
सोलापूर